वन्संचं पुस्तक मिटेना

आमच्या वन्संना हेवा वाटायला समोर माणूसच लागतो असं नाही. एकदा त्यांना एका सर्दीचा हेवा वाटला होता. ते पुढे सांगते.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा दोन वेण्या घालून दारात उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आता दादाला माझ्यासाठी वेळ मिळायचा नाही." खरंच होतं ते. मिळाला नाही. तो राग त्यांनी माझ्यावर बरीच वर्षं काढला, मग हळूहळू विसरल्या, कारण त्यांना दुसरं कुणीतरी सापडलं.

सापडलं ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. सासऱ्यांची दृष्टी अधू झाली आणि घरात आणखी दोन हात कमवायला हवे होते, म्हणून वन्सं तिथं लागल्या. लांबलचक खोली, एका बाजूला खिडक्या, मधे बाकं, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, आणि सगळीकडे खळीचा आंबूस वास. छापलेले मोठे कागद यायचे, त्यांच्या घड्या घालून फर्मे करायचे, एकावर एक ठेवायचे आणि पाठीकडून सुईदोऱ्यानं शिवायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं. वन्संच्या समोरच्या बाकावर एक उंच, शेलाटी मुलगी बसली होती. डावखुरी. ती घडी घालायची, वन्सं शिवायच्या. कंटाळा आला की अदलाबदल. तोंडं मात्र दोघींची सारखी चालू.

मुकादमानं त्यांची नावंच पाडली. वन्सं टोचून बोलतात म्हणून त्या सुई, आणि ती लांबुडकी म्हणून दोरा. साऱ्या गल्लीत तीच नावं झाली. पाहुणे आले तरी विचारायचे, "सुई कुठाय?" मी सांगायचे, "दोऱ्यामागं." वन्संना हे आवडायचं नाही. म्हणायच्या, "दोरा सुईमागं जातो, वहिनी. तुम्हाला शिवण येत नाही का?"

पुढं दोराचं लग्न ठरलं. दोराचा नवरा म्हणजे गरीब गाय, बसच्या तिकिटांच्या खिडकीवर बसायचा. वन्संनी त्याच्याशी कधी वाकडं वागल्याचं कुणी पाहिलं नाही, फक्त त्या त्याच्याशी कधी बोललेल्याही कुणी पाहिल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं लग्न का झालं नाही हे मला लोक विचारतात. स्थळं आली होती. एकाला म्हणाल्या नाक मोठं, दुसऱ्याला म्हणाल्या घर लांब. कुठून लांब, ते मला ठाऊक होतं.

मग कारखान्यात तारेनं टाचायचं यंत्र आलं आणि त्यावर दोराला बसवलं. वन्सं घरी येऊन ताट पुढं ओढतात आणि म्हणतात, "दिवसभर त्या लोखंडाशी गुजगोष्टी चालल्यात हिच्या." मी म्हटलं, "अहो, ते यंत्र आहे." तर म्हणे, "म्हणून काय झालं? हिला तेल घालताना बघा. माझ्या डोक्याला कधी घातलं का?"

कारखाना बंद पडला, दोराचा नवरा गेला, माझेही यजमान गेले. सगळ्यांचे केस पांढरे झाले. सुईदोरा तेवढा राहिला. संध्याकाळी दोघी कालव्याच्या कडेनं चालायच्या, वळणावरच्या बाकावर बसायच्या, आणि अंधारायच्या आत घरी. मी कधी बरोबर गेले नाही. मला कुणी म्हटलंही नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दोराच्या वरच्या मजल्यावर पोस्टातली बाई राहायला आली.

पोस्टातली बाई म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेली. गुबगुबीत, हसरी, बोटांत दोन अंगठ्या, आणि रंगांचा नाद. तिच्या खिडकीतल्या कुंड्यासुद्धा रंगवलेल्या. पहिल्या आठवड्यात तिनं दोराला एक कुंडी दिली. दुसऱ्या आठवड्यात ती कालव्यावर फिरायला आली. बाक तसा तिघींना पुरतो, पण तिसरीला कडेला बसावं लागतं, आणि कडेला कोण बसलं हे तुम्हाला सांगायला नको.

"तिला रंगाची काय जाण आहे गं!" दोरा एकदा आमच्या दारात उभी राहून म्हणाली.

"जन्मभर शिक्के मारले तिनं," वन्सं म्हणाल्या. "काळा रंग एवढाच. जाण कुठून आली?"

"सुई, तू पण ना!"

"मी पण काय?"

दोरा शिंकली. नाक पुसून म्हणाली, "तिला सर्दी झाली होती ना, ती मला लागली."

ती गेल्यावर वन्संनी खिडकी लावून घेतली. मग मला म्हणाल्या, "वहिनी, माझी सर्दी तिला कधी लागली नाही. इतकी वर्षं समोरासमोर बसलो."

आता सांगा, याला काय औषध द्यायचं?

त्याच सुमारास वाचनालयातल्या पोरीनं टूम काढली. पोरगी म्हणजे तिथली नवीन ग्रंथपाल, उत्साहाची खाण. रद्दीत निघणारी पुस्तकं तिनं मांडून ठेवली आणि दुपारी तिथं जमणाऱ्या आम्हा बायकांना म्हणाली, "यातलं एकेक घ्या आणि त्याचं वेगळंच काहीतरी करा. पानांवर रंगवा, चिकटवा, शिवा, कापून खिडक्या करा. पुस्तक तेच, पण आतलं सगळं तुमचं. मग एके दिवशी एकमेकींना द्यायचं." कुणी कुणाला द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या. ज्या नावाची चिठ्ठी येईल तिच्यासाठी पुस्तक करायचं, आणि शेवटपर्यंत कुणी बोलायचं नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. पुस्तकाचा माझा संबंध म्हणजे मासिक चाळणं. तरी चिठ्ठी उचलली. निघाली वन्संची. ज्या बाईला मी रोज सकाळी चहा देते, तिच्यासाठी मी चोरून पुस्तक करायचं!

वन्संनी चिठ्ठी उघडली, पुन्हा मिटली आणि मुठीत धरली. तोंडावर काही नाही, पण कानाच्या पाळ्या लाल. मी ओळखलं. दोरा निघाली होती.

मग त्या रद्दीच्या ढिगाशी गेल्या. बाकीच्या बायका चित्रांची, फुलांची, देशोदेशींची पुस्तकं घेत होत्या. पोस्टातल्या बाईनं पक्ष्यांचं घेतलं. वन्सं एकेक पुस्तक उघडायच्या, आतलं बघायच्याच नाहीत, पाठीत डोकावायच्या आणि खाली ठेवायच्या. शेवटी उचललं ते पाणीपुरवठा खात्याच्या अहवालांचं बाड. वाचनालयातली पोरगी म्हणाली, "आजी, हे फार रुक्ष आहे हो."

"असू दे," वन्सं म्हणाल्या.

घरी आल्यावर मला दाखवलं. पाठीच्या आत शिवणीची गाठ होती, उलट्या बाजूला पडलेली. डावखुऱ्या हाताची. "हे तिनं शिवलंय," एवढंच बोलल्या आणि बोटानं गाठ चाचपली.

त्या दिवसापासून आमचं जेवणाचं टेबल गेलं. वन्संनी पेटी उघडली. त्या पेटीत काय काय होतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लाटालाटांच्या नक्षीचे अबरी कागद, ज्यांची कारखान्यात पुठ्ठ्याला अस्तरं लावायचे. मेणाचा गोळा, त्यावर दोऱ्याच्या रेघा. घडी मारायची हाडाची पट्टी. दोघींच्या कामाच्या डगल्यांचे खिसे, कापून ठेवलेले. दोराच्या डगल्याची बटणं. शिवताना बोटात घालायचं तिचं तुटलेलं अंगुस्तान. मी म्हटलं, "हे तिला माहीत आहे का?" वन्सं म्हणाल्या, "तिनं टाकलेलं होतं. टाकलेलं घेतलं तर चोरी होत नाही."

एका पानावर खिसा शिवला. एकावर खिडक्यांची रांग कापली, त्यातून पलीकडचा अबरी दिसावा अशी. एकावर मेणानं रेघा ओढून वर रंग फिरवला. चुकलं की "छ्या!" म्हणून पुसायचं, पुन्हा करायचं. मधेच थांबून विचारायच्या, "पोस्टातली काय करत असेल हो?"

"मला काय ठाऊक?"

"ती काही तरी झगमगीत करेल. टिकल्याबिकल्या लावेल. आणि दोरा तोंडाचा चंबू करून म्हणेल, अगंबाई!"

"तिचं पुस्तक दोराला जायचंच नाहीये, वन्सं."

"पण दोरा बघेल तर खरी. टेबलावर सगळीच असणार. सगळ्यांदेखत तिनं माझं उचललं पाहिजे आणि म्हटलं पाहिजे, सुई, तुझ्यासारखं कुणाचं नाही. बस्स. एवढंच हवंय मला."

एवढंच म्हणे.

मी आपली स्वयंपाकघरात दार लोटून माझं पुस्तक करत होते. बागकामाचं होतं. मला काही कळत नव्हतं, म्हणून वाचनालयातल्या पोरीनं सांगितलं तसं केलं. ती म्हणाली होती, "मधली मधली पानं कापून टाका, नाहीतर चिकटवल्यावर पुस्तक फुगतं." मी कात्री घेतली आणि भाजी निवडावी तशी पानं काढली. मग जुन्या कपड्यांचे तुकडे, वाळलेली पानं, आणि वन्सं लहानपणी कशा दिसायच्या ते मला आठवतं तसं एक चित्र. दोन वेण्या तेवढ्या बऱ्या आल्या. पुस्तक झालं, आणि मिटलं, गुपचूप, शहाण्या मुलासारखं.

वन्संचं मिटेना.

बाहेर येऊन बघते तर टेबलावर ते पुस्तक आ वासून पडलेलं. आठव्या महिन्यातल्या बाईसारखं पोट, आणि पाठ मात्र होती तेवढीच. वर जड पातेली ठेवली, पाट ठेवला, पाटावर त्या स्वतः बसल्या. उठल्या की पुन्हा आ.

"पानं काढा की," मी म्हटलं. "पोरीनं सांगितलंय."

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना बोट कापायला सांगितलं.

"पानं काढू?"

"मधली मधली. कोण वाचणार आहे पाणीपुरवठा?"

"वहिनी, आमच्याकडं एक पान गहाळ झालं तर मुकादम सगळ्यांना थांबवून ठेवायचा. झाडूवाल्याच्या टोपलीतून शोधून काढायचो आम्ही. पान काढायचं?" मग पुस्तक उघडून दाखवलं. "हे बघा. फर्म्यात प्रत्येक पानाचा पलीकडे जोडीदार असतो. घडी एकच. इकडचं कापलं की तिकडचं सैल होतं, आज ना उद्या गळतं."

"मग शिवण सोडा आणि पाठ रुंद करून पुन्हा शिवा. तुम्हाला येतं की."

"शिवण सोडू?" आता तर आवाजच चढला. "तिनं शिवलेलं?"

मी पातेली उचलून आत नेली. ज्याचं त्याला.

शेवटी त्यांनी जाड फीत घेऊन पुस्तकाला बांधलं, जखमी माणसाला बांधतात तसं, आणि आम्ही दोघी वाचनालयात गेलो.

टेबलं जोडून ठेवली होती. बायकांनी पुस्तकं मांडली. सगळी सपाट. वन्संनी फीत सोडली आणि त्यांच्या पुस्तकानं जबडा उघडला. दोन-चार जणी हसल्या. वन्संची मान ताठ. तेवढ्यात दोरा आली, लांब ढांगा टाकत, काखेत पिशवी. तिनं पिशवीतून आपलं पुस्तक काढून ठेवलं, आणि तेही तसंच! तसंच आ वासलेलं, तसंच पोट सुटलेलं, वरून बांधलेली नाडीसुद्धा तुटलेली.

पोस्टातली बाई म्हणाली, "अगंबाई, या दोघी जांभया देताहेत!"

दोरानं वन्संचं पुस्तक उचललं. खिडक्या बघितल्या नाहीत, खिसे बघितले नाहीत, आधी पाठीत डोकावली. गाठ बघितली. मग भराभरा पानांचे आकडे चाळले. "सुई," ती म्हणाली, "एकही पान काढलं नाहीस."

"तू तरी कुठं काढलंस?"

"कशी काढणार? मुकादम वरून बघतोय ना!"

आणि दोघी अशा हसायला लागल्या की वाचनालयातली पोरगी दार लावायला धावली. दोराच्या डोळ्यांतून पाणी. खिसा सापडला तेव्हा त्यात बोटं घातली, आणि तशीच उभी राहिली. वन्संना जे हवं होतं ते तिच्या तोंडावर होतं, शब्दांत यायचं तेवढं बाकी होतं. मी बघत होते. मला तसं कुणी माझं काही बघून उभं राहिलेलं आठवत नाही.

आणि तेवढ्यात दोरा म्हणाली, "थांब हं," आणि आपलं फुगलेलं पुस्तक पोस्टातल्या बाईच्या हातात दिलं.

वन्संचं हसू जागच्या जागी सांडलं.

पोस्टातल्या बाईनं उघडलं. पहिल्याच पानावर कारखाना. लांब खोली, खिडक्या, समोरासमोर दोन बाकं. पुठ्ठ्याची केलेली, घडी उलगडली की उभी राहणारी. एका बाकावर ठेंगणी बाहुली, नाक वर केलेली. समोर लांबुडकी. मधे खराखुरा दोरा, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेलेला. पुढल्या पानावर त्याच दोघी कालव्यावर. त्याच्या पुढं डब्यातलं खाताना. पुस्तकभर त्याच दोघी.

"आपला बाक," वन्सं म्हणाल्या. "आपला बाक तू हिला दिलास?"

"चिठ्ठी हिची निघाली, मग कुणाला देऊ? तुला? तू होतीसच की त्यावर."

"पण हिला कशाला?"

"हिला कुणी सांगायचं मग, मी कुणासमोर बसून जन्म काढला ते? तू तर तिच्याशी धड बोलत नाहीस."

वन्संनी नुसतं नाक उडवलं. तेवढ्यात मी माझं पुस्तक त्यांच्यापुढं धरलं होतं. तुमची चिठ्ठी मला आली होती, असं म्हटलंही होतं. त्यांनी ते घेतलं, न उघडता, आणि तसंच पोस्टातल्या बाईपुढं केलं.

"बदलता का?"

मी तिथंच उभी होते! हातभर अंतरावर!

पोस्टातल्या बाईनं आपलं पुस्तक छातीशी धरलं. पोटाला पोट. "नाही बाई. हे मला दिलंय."

"हे बघा किती छान मिटतं."

"मिटू दे. मला हेच हवं."

"त्याची पाठ फुटेल," वन्सं म्हणाल्या. "लिहून ठेवा. चारदा उघडलंत की फुटेल. सगळी पानं हातात येतील."

"मग शिवून द्या," ती म्हणाली. "तुम्ही शिवता ना? आत दाखवलंय."

"ठेवून जा माझ्याकडं. सावकाश करते."

"ठेवून नाही जाणार. मी समोर बसते, तुम्ही शिवा."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोरा मधे उभी राहून नाक पुसत होती, पण डोळे हसत होते.

घरी येताना वन्सं वाटभर माझ्या चार पावलं पुढं चालल्या. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "तोंडाला तोंड देते. पोस्टात होती ना, खिडकीतून माणसं परतवायची सवय." पण त्याच दमात म्हणाल्या, "कागदाच्या पट्ट्या कापायला हव्यात. प्रत्येक फर्म्याला एक. म्हणजे पाठ पोटाएवढी होईल." आणि माझं पुस्तक फडताळावर ठेवून दिलं.

दोन दिवसांनी दुपारी दोरा आणि पोस्टातली दोघी यायच्या होत्या. वन्संनी खुर्च्या आधीच मांडल्या होत्या. आपली एक, बरोबर समोर दोराची, आणि तिसरी टेबलाच्या टोकाला, जिथून शिवण दिसत नाही. पोस्टातली बाई आली, बघितलं, खुर्ची उचलली आणि दोराच्या शेजारी आणून आपटली. वन्संच्या कपाळाला आठी. दोरा म्हणाली, "सुरू कर गं." वन्संनी चष्मा लावला, पोस्टातलीच्या पुस्तकाची पाठ उघडली, जुना दोरा कापला. ही शिवण कुणाच्या हातची होती कोण जाणे, ती कापताना हात अडला नाही. दोरा पट्ट्या घडी करून द्यायची, वन्सं शिवायच्या. बोलणं लगेच सुरू झालं, मुकादमाचं, यंत्राचं, जेवणाच्या सुट्टीचं. पोस्टातली मधेच विचारायची, "म्हणजे कसं?" आणि दोघी एकदमच सांगायला लागायच्या, मग "तू नको, मी सांगते" म्हणून भांडायच्या.

"सुईत दोरा ओवून द्या जरा," वन्सं तिला म्हणाल्या. सहज नव्हे हं, परीक्षा घ्यायला. पोस्टातलीनं पहिल्या फटक्यात ओवला. वन्संनी तो दोरा बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला.

शिवलेले फर्मे दाबून धरायला काहीतरी सपाट हवं होतं. वन्संनी मागं न बघता फडताळाकडं हात केला आणि माझं पुस्तक ओढून वर ठेवलं. वर खळीची वाटी.

मी चहा घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला, वाटी उचलली, माझं पुस्तक काढून घेतलं, त्याच्या जागी पाट ठेवला.

"काय झालं, वहिनी?"

"हे उघडून तरी बघा एकदा."

त्यांनी हातानं नाही, सुईच्या टोकानं पान उलटलं. दोन वेण्यांचं चित्र आलं. बघितलं. आकडे बघितले. "वहिनी! अर्धं पुस्तक कापलंत तुम्ही!"

"पण मिटतंय," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं. "सरका."

कुणीच सरकेना. मग दोराच सरकली, म्हणजे पोस्टातलीच्या अंगावर, आणि वन्संनी लगेच मान वर करून बघितलं की त्या दोघी किती जवळ बसल्यात.